थंडी घडवणं आणि थंडी राखणं : काशीमीऱ्याच्या नाक्यावरून

आज आमचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने रीफर गाड्यांवर, म्हणजे नाशवंत माल नेणाऱ्या थंड गाड्यांवर का बोलावं? पण आपण बसलोय काशीमीऱ्यात. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता इथे मिळतात. गुजरातहून, डहाणू-पालघरहून येणारा माल इथूनच मुंबईत शिरतो किंवा न्हावा-शेवा बंदराकडे वळतो. पलीकडे उत्तनचे कोळीवाडे आहेत. आपल्यापैकी काहींच्या घरी मासळीचा धंदा आहे, काही वाहतुकीत आहेत. आणि खाणारे तर आपण सगळेच आहोत.

पहिली गोष्ट सांगतो, आणि बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. रीफर गाडी थंडी घडवत नाही, ती थंडी राखते. गाडी विकत घेणारे पुष्कळ लोक इथेच फसतात. त्यांना वाटतं, गरम माल आत टाकला, बटण दाबलं, की मुंबईत पोचेपर्यंत माल गार. तसं होत नाही.

साधं गणित करू. समजा घोलवडचे पाच टन चिकू आहेत. बागेतून निघाले तेव्हा ३४ अंश, आणि आपल्याला हवेत १४ अंश. या वीस अंशांची उष्णता काढायची तर विजेच्या भाषेत साधारण शंभर युनिट इतकी उष्णता बाहेर टाकावी लागते. गाडीवरचं यंत्र ताशी पाच युनिट उष्णता काढणारं असेल, तर वीस तास हवेत. वर उन्हातून भिंतींमधून येणारी उष्णता आहेच, आणि फळ जिवंत असतं, श्वास घेतं, त्याचीही उष्णता आहे. घोलवड ते काशीमीरा प्रवास तीन-चार तासांचा. म्हणजे भाडं थंड गाडीचं दिलं आणि चिकू गरमच पोचले!

म्हणून माल आधी गार करायचा, मग गाडीत भरायचा. फळांसाठी हे काम पॅकहाउसमध्ये होतं. आता देशाचे आकडे पाहा. राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राच्या २०१५च्या अभ्यासात रीफर गाड्यांची गरज सुमारे ६२ हजार धरली होती, होत्या जेमतेम नऊ हजार. आपण म्हणतो, गाड्या कमी आहेत. पण त्याच अभ्यासात पॅकहाउस हवी होती ७० हजार, आणि होती २४९. खरी ओढाताण गाडीच्या आधीच आहे, हे कळलं ना?

मासळीचं गणित वेगळं. तिथे बर्फ यंत्रापेक्षा सरस आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो, तीही मासळीला चिकटून, लगेच. आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ लागतो असं धरून चालावं. जाळ्यातून निघाल्याबरोबर बर्फात गेलेली मासळी गाडीत चढली, तर गाडी आपलं राखण्याचं काम नीट करते. उत्तनमधल्या एखाद्या ताईंनी विचारलं की पहिला पैसा कुठे घालू, तर आम्ही सांगू, आधी चांगली बर्फाची पेटी, मग गाडी. २०२०च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही रीफर गाडीबरोबर बर्फाची पेटी लावलेली दुचाकी आणि तीनचाकी धरलेली आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के.

आता गाडी घ्यायचीच आहे, तर काय पाहायचं? लोक यंत्राची कंपनी विचारतात. आम्ही म्हणतो, आधी पेटी पाहा. भिंतीत पफ किती जाड आहे, दाराचं रबर कसं आहे? १९७०च्या आंतरराष्ट्रीय करारात गोठवलेल्या मालाच्या पेटीची भिंत दर चौरस मीटरला, दर अंशाला ०.४० वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ देता कामा नये असं ठरलं. विक्रेत्याला हा आकडा विचारा. जुनी गाडी असेल तर वजनकाट्यावर घाला, भिंतीत पाणी मुरलं असेल तर पेटी कागदावरच्या वजनापेक्षा जड भरते. दिवसा आत उभे राहा, बाहेर माणूस ठेवून दार लावून घ्या. उजेडाची रेघ दिसली, की तिथून थंडी जाणार.

मग यंत्र. गाडीच्या इंजिनावर चालणारं स्वस्त असतं, पण इंजिन बंद की तेही बंद. स्वतंत्र डिझेल इंजिनाचं महाग, पण गायमुख घाटात गाडी तासभर अडकली तरी काम करतं. रात्री उभ्या गाडीला विजेची जोडणी घेता येते का, तेही विचारा.

आणि कुठल्या मालाला किती अंश? आइस्क्रीम आणि गोठवलेली कोळंबी उणे १८ किंवा त्याखाली. ताजी मासळी शून्याच्या आसपास. पण केळी १३च्या खाली नेलीत तर साल काळी पडते. जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, हा समज काढून टाका. एकाच गाडीत मासळी आणि आंबा सुखाने जात नाहीत.

भरताना क्रेट भिंतीला चिकटवू नका, छतापर्यंत रचू नका, गार हवेला फिरायला वाट हवी. दार उघडं असताना यंत्र बंद ठेवा, नाहीतर बाहेरची दमट हवा आत ओढली जाऊन कॉइलवर बर्फ धरतो.

आता आमच्या विषयाकडे येतो. वाळूच्या ढिगाचं कोडं जुनं आहे. एकेक कण काढत गेलो तर ढीग नेमका कोणत्या कणाला ढीग राहत नाही? मासळीचंही तसंच. धक्क्यावर अर्धा तास, चढवताना वीस मिनिटं, ड्रायव्हरने डिझेल वाचवायला यंत्र बंद केलं तो एक तास, बाजारात उतरवून ठेवली तो पाऊण तास. कोणत्या अर्ध्या तासाने मासळी बिघडली? कुणीच सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक जण म्हणतो, माझ्यामुळे नाही. आणि प्रत्येकाचं थोडं थोडं खरंही असतं.

पण परिणाम खोटा नसतो. बांगडा, कुपा यांसारखी मासळी गरम राहिली की तिच्यात हिस्टामीन तयार होतं. नंतर कितीही थंड करा, तळा, उकळा, ते जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात. गमावलेली थंडी मागाहून भरून काढता येत नाही.

यावर उपाय कुणा एकाला गुन्हेगार ठरवण्यात नाही. ड्रायव्हरला ठरावीक डिझेल देऊन वाचलेलं त्याचं असा करार असेल, तर यंत्र बंद होणारच. तिथे दोष आधी कराराचा आहे. यंत्राचं डिझेल वेगळं द्या. पेटीत तापमान नोंदवणारं छोटं उपकरण ठेवा, ते फार महाग नसतं. आणि एक रीत घालून घ्या, माल घेताना तापमान मोजून घ्यायचं, देताना मोजून द्यायचं, दोघांनी सही करायची. मग ढिगातला प्रत्येक कण कुणाच्या तरी नावावर राहतो.

खाणारा माणूस या साखळीतल्या कुणालाच ओळखत नसतो. कोळणीच्या टोपलीतला बांगडा तो विश्वासाने उचलतो. त्या विश्वासाला आधार हवा, तो त्या दोन सह्यांचा. आज इथेच थांबू या.