चार कप सांबार म्हणजे किती?

पुडाच्या वड्या करायच्या म्हणून गांधीबागेतून येताना सांबाराच्या दोन जुड्या घेतल्या. (विदर्भाबाहेरच्यांनी कोथिंबीर वाचावं.) कृतीत लिहिलं होतं, 'चार कप चिरलेला सांबार'. हलक्या हाताने भरला तेव्हा चार कप भरले. तोच दाबून भरला, तर दोनच!

दोष कपाचा नाही, पानांत अडकलेल्या हवेचा. २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावतं. सैल भरलेला कच्चा पालक मात्र जेमतेम ३० ग्रॅम आणि सांबार १६ ग्रॅमच्या आसपास. बाकी कपात नुसती हवा. पालक शिजला, की पेशी फुटून पाणी सुटतं, पानं लोळागोळा होतात आणि त्याच कपात १८० ग्रॅम बसतो. परातभर भाजीची वाटीभर होते ती अशी.

बारीक चिरा नाहीतर दाबून भरा, वजन हलत नाही. त्याला फसवतं ते फक्त पाणी. बाजारात जुड्यांवर सारखं पाणी मारतात, तेही काट्यावर चढतं. म्हणून सांबार निवडा, धुवा, फडक्यावर कोरडा करा, मगच तोला. वड्यांचं सारणही मग ओलं होत नाही.

आणि पाककृती लिहिणाऱ्यांनो, पालेभाजीपुरते तरी कप सोडा, ग्रॅम लिहा!