हुनर हातात आहे, कागद कुठे आहे?

कोथरूडमध्ये कापडाचे दुकान मांडून आम्हाला अठ्ठावीस वर्षे झाली. पडदे आणि सोफ्याचे कापड हा आमचा मुख्य माल. डहाणूकर कॉलनी असो की मयूर कॉलनी, जुनी सोसायटी पाडून नवी इमारत उभी राहिली की आधी वायरमन येतो, मग प्लंबर, सुतार, रंगारी, आणि सर्वांत शेवटी पडदेवाला. त्यामुळे या सर्व कारागिरांची आमच्याकडे ऊठबस असते. पूर्वी हे लोक चहा पिताना दुबई आणि सौदीची चौकशी करीत. आता तरुण मुले विचारतात, "चाचा, जर्मनीला जायला काय लागते?"

हा प्रश्न उगाच निघालेला नाही. जर्मनीत म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे आणि कामाला हात कमी पडत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात कामगारांच्या ये-जा करण्याबाबत करार झाला. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि १०,००० कुशल कामगार पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. याच राज्याच्या स्टुटगार्ट शहराशी मुंबईचे १९६८ पासून भगिनी-शहराचे नाते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स दिल्लीत आले, त्या सुमारास कुशल भारतीयांसाठी वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० व्हिसा देण्याची घोषणा झाली. चाकणमुळे पुण्याच्या मुलांना जर्मन कंपन्यांची नावे पाठ आहेतच. मग मन धावणारच.

पण बंधूंनो, घोषणा म्हणजे व्हिसा नव्हे. हे आम्ही पैसे घालवून शिकलो आहोत.

आमची चूक

आमचा भाचा वायरमन आहे. वय एकोणतीस. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या कोर्सला बसला होता, पण पहिल्या वर्षानंतर साइटवर रोजी मिळू लागली आणि त्याने शिक्षण सोडले. आम्हीही तेव्हा अडवले नाही. उलट कमावता झाला म्हणून शाबासकी दिली. आज तो अख्ख्या इमारतीचे वायरिंग नकाशा पाहून करतो. त्याच्या हाताखाली चार पोरे काम करतात.

दुसऱ्या गावचा एक एजंट त्याला भेटला. "तीन महिन्यांत जर्मनीचा वर्क व्हिसा, भाषेची गरज नाही, अनुभव पुरेसा आहे," असे सांगून त्याने १,८०,००० रुपये मागितले. निम्मे आमच्या गल्ल्यातून गेले, निम्मे बहिणीच्या बांगड्या गहाण ठेवून. पावती नाही, करारनामा नाही. पासपोर्टही त्याच्याकडे ठेवला. चार महिने फोन करून, खेपा घालून पासपोर्ट परत आणला. पैशांपैकी ६०,००० मिळाले, बाकीचा हिशेब आजही उघडा आहे.

कापडाचा तागा विकत घेताना आम्ही सूत ओढून पाहतो, पन्हा मोजतो, रंग जातो का म्हणून कोपरा भिजवतो. आणि बहिणीच्या बांगड्यांचा सौदा आम्ही नुसत्या बोलण्यावर केला! मग ठरवले, जे आधी विचारायला हवे होते ते आता विचारू.

अर्ज पाहणारा काय पाहतो?

आमची समजूत अशी होती की काम येते की नाही हे पाहिले जाते. प्रत्यक्षात अर्ज तपासणारा माणूस कारागिराचा हात पाहू शकत नाही. तो कागद पाहतो.

जर्मनीत वायरमन, प्लंबर किंवा सुतार होण्यासाठी साधारण तीन ते साडेतीन वर्षांचे शिक्षण असते. काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत. त्या तराजूत आपले प्रमाणपत्र तोलले जाते. याला ते 'आनेरकेनुंग' म्हणतात, म्हणजे मान्यता. उद्योगधंद्यातील बऱ्याच कामांसाठी ही तपासणी न्यूरेम्बर्ग येथील 'आयएचके फोसा' ही संस्था करते. हस्तव्यवसायासाठी तेथील कारागीर मंडळे करतात. आपल्या आयटीआयला कित्येकदा अर्धी मान्यता मिळते. उरलेला भाग तेथे शिकून भरून काढता येतो.

मार्च २०२४ पासून एक सोय झाली आहे. नोकरीचा करार हातात असेल, तर तेथे पोहोचून काम करता करता मान्यतेची प्रक्रिया पुरी करता येते. पण त्यालाही किमान दोन वर्षांचे सरकारमान्य शिक्षण आणि जर्मन भाषेची ए-टू पातळी लागते. जून २०२४ मध्ये नोकरी शोधायला जाण्यासाठी 'चान्सेनकार्ट' नावाचे कार्ड निघाले. तेथेही दोन वर्षांच्या शिक्षणाची अट आहेच, शिवाय राहण्या-खाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात.

आता हिशेब पाहा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचा, पण वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचा. उस्तादाकडे दहा वर्षे घालवलेल्याजवळ तर कागदच नाही. आमच्या दुकानात पडदे शिवणाऱ्या मास्टरचा मुलगा आमच्या भाच्यापेक्षा कामात कच्चा आहे, हे तो स्वतःच कबूल करतो. पण त्याने आयटीआयची दोन्ही वर्षे पुरी केली, नंतर एका कारखान्यात अप्रेंटिसशिप करून त्याचेही प्रमाणपत्र घेतले. त्याची कागदपत्रे तपासणीला गेली आणि अर्धी मान्यता घेऊन आली. भाच्याची कागदपत्रे पाठवण्याजोगीच नव्हती.

त्या रात्री भाचा म्हणाला, "मामू, त्याला डीबी बांधायला मी शिकवले." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

नावाचा घोळ

आपल्या बिरादरीत आणखी एक अडचण घरोघर आहे. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. दाखल्यावर नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. कुठे 'मोहम्मद', कुठे नुसते 'मो.', कुठे 'शेख' आधी तर कुठे शेवटी. वडिलांचे नाव कधी आत, कधी बाहेर. आपल्याला माणूस एकच वाटतो, संगणकाला तीन वाटतात.

काहींच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या भारतीयांना पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश देणे बंद केले, तेव्हा पुष्कळ लोकांना याची किंमत कळली. म्हणून मुलगा शाळेत असतानाच दाखल्यावरील इंग्रजी स्पेलिंग पाहून घ्या. नंतर नाव बदलायचे तर प्रतिज्ञापत्र आणि शासनाचे राजपत्र लागते. ते होते, पण वेळ जातो. भाच्याच्या दहावीच्या आणि पासपोर्टच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला. तेवढ्यासाठी दोन महिने गेले.

पैसे कोणाला द्यायचे?

परदेशी नोकरीला माणसे पाठविणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक मागा आणि सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तो जुळवून पाहा. एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. यापेक्षा जास्त मागणारा माणूस तेथेच ओळखावा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. ती एजंटाकडे तारण ठेवायची वस्तू नव्हे. आणि 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे काम लावून देतो' असे कोणी म्हणाला, तर चहाचे पैसे देऊन उठावे.

आखातात जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असते आणि अशा कामगाराला ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा येतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि संरक्षण १० लाखांचे. मंजुरी टाळून गेलेल्याच्या घरच्यांना पुढे यातले काही मिळत नाही.

भाषेची लाज नको

आखातात हिंदी-उर्दूवर निभावले. जर्मनीत निभावत नाही. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार नेले. पाहुणे कामगार म्हणून गेलेल्यांपैकी लाखो तेथेच राहिले, पण भाषा न शिकलेली पिढी कारखान्याच्या फाटकाबाहेर मुकीच राहिली. म्हणून आज भाषेची अट आधी घातली जाते, आणि ती कामगाराच्याही भल्याची आहे.

आमच्या मुलांना वाटते की वयाच्या तिशीत 'आ, बे, त्से' काय गिरवायचे? आम्ही उर्दूतून शिकलो आणि मराठी या दुकानाच्या पायरीवर, गिऱ्हाइकांकडून शिकलो. लोक हसले, पण उधारीची वसुली मराठीतच झाली. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. जर्मन शिकण्यासाठी याहून चांगली सोय फार थोड्या शहरांत असेल.

आज आमचा भाचा दिवसभर साइटवर असतो आणि संध्याकाळी वनाजहून मेट्रोने रुबी हॉलला उतरून जर्मनच्या वर्गाला जातो. ए-वन परीक्षा झाली, ए-टूची तयारी चालू आहे. अनुभवी कामगाराला बाहेरून आयटीआयच्या परीक्षेला बसता येते का, याची चौकशी त्याने औंधच्या आयटीआयमध्ये केली आहे. तो प्रमाणपत्र मिळवील, पण जर्मनीवाले ते दोन वर्षांच्या शिक्षणाइतके धरतील की नाही, हे तपासणीनंतरच ठरेल. कदाचित तो जाईल, कदाचित जाणार नाही. बहिणीच्या बांगड्या अजून सराफाकडे आहेत, त्या या वर्षी सोडवायच्या आहेत.

कारागीर बंधूंना आमची एकच विनंती आहे. तुमचा मुलगा किंवा शागिर्द आज आयटीआयच्या पहिल्या वर्षात असेल आणि रोजीच्या पाचशे-सातशे रुपयांसाठी कोर्स सोडू म्हणत असेल, तर त्याला थांबवा. ते एक वर्ष घरखर्च आपण ओढू. आम्ही ओढला नाही, म्हणून आज हे लिहावे लागत आहे.