पिकअप गाडींत उपग्रहाचा रेडिओ

द्राक्षें, टोमॅटो व कांदा पिकविणाऱ्या आमच्या सभासद बंधूंपैकीं ज्याच्या दारीं पिकअप गाडी नाहीं असें घर आतां विरळा. संध्याकाळीं क्रेट भरावयाचे, रात्रीं कसारा घाट उतरावयाचा आणि उजाडण्यापूर्वीं वाशीच्या बाजारांत माल लावावयाचा, हा निफाड-दिंडोरीकडील बागाईतदारांचा नित्यक्रम झाला आहे. अशा प्रवासांत रेडिओची सोबत हवीशी वाटावी हें साहजिकच होय. या संबंधांत आम्हांस दोन प्रश्न पुनःपुन्हां विचारण्यांत येतात. पहिला असा कीं, घरांत वर्ल्डस्पेसचा जुना उपग्रह-रेडिओ पडून आहे, तो गाडींत बसवून चालूं करतां येईल काय? दुसरा असा कीं, अमेरिकेंतील पुतण्याच्या गाडींत असा रेडिओ उत्तम चालतो, तर त्याच्याकडून एक संच मागवावा काय? दोन्ही प्रश्नांचें उत्तर नकारार्थी आहे. परंतु नुसतें "नाहीं" म्हणून भागत नाहीं; कारण हा खटाटोप आम्हीं स्वतः २००६ सालीं करून पाहिला, त्यांत बरेंच शिकलों, आणि एकदां चांगलेच फसलोंही.

प्रथम त्या सेवेची हकीकत सांगितली पाहिजे. इथिओपियांत जन्मलेले नोआ समारा यांनीं १९९० सालीं वर्ल्डस्पेस ही कंपनी अमेरिकेंत स्थापिली. जेथें साधा रेडिओ नीट पोंचत नाहीं अशा आफ्रिका व आशिया खंडांतील लोकांस थेट आकाशांतून ध्वनिक्षेपण ऐकवावें, अशी मूळ कल्पना होती. त्यांचा आफ्रिस्टार हा उपग्रह १९९८ च्या ऑक्टोबरांत व एशियास्टार हा २००० च्या मार्चांत वर गेला. एशियास्टार हा पूर्व रेखांश १०५ अंशांवर, विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर स्थिर होता. आपल्याकडे त्याचे चाळीसच्या आसपास कार्यक्रम ऐकूं येत. मराठीसाठीं 'सुरभि' नांवाची वाहिनी होती, आणि हिंदुस्थानी रागदारीची 'गंधर्व' ही वाहिनी तर आमच्या घरीं पहाटेपासून चाले. आवाज स्वच्छ, खरखर नाहीं, जाहिरातींचा गलबला नाहीं. कंपनीच्या वर्गणीदारांत बहुसंख्य भारतांतलेच होते. तथापि जमाखर्चाचा मेळ बसला नाहीं. २००८ च्या ऑक्टोबरांत कंपनीनें अमेरिकेच्या न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ३१ डिसेंबर २००९ रोजीं भारतांतील सेवा बंद झाली. मुंबईचें पहिलें रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू करणारी खासगी कंपनीही १९३० सालीं अशीच बुडाली होती. परंतु तें काम सरकारनें हातीं घेतलें व त्यांतूनच पुढें आकाशवाणी उभी राहिली. वर्ल्डस्पेसच्या वेळीं मागें उभें राहणारें कोणी निघालें नाहीं. म्हणून ज्यांच्या मांडणीवर तो संच आहे त्यांनीं गाडीच्या तारा उघडण्याचे श्रम घेऊं नयेत. संच धडधाकट असला तरी त्याच्याशीं बोलणारें आकाशांत कोणी उरलें नाहीं.

आतां आमचा प्रयोग. संच बीपीएलचा होता व त्याची चपटी अँटेना तारेनें निराळी करतां येई. घरीं खिडकींत ठेवून तिचें तोंड उपग्रहाकडे केलें कीं काम झालें. नाशिकहून पाहतां तो उपग्रह पूर्व व आग्नेय यांच्या मध्यें, क्षितिज आणि माथा यांच्या मध्याच्या किंचित् वर येतो. कंपास नसेल त्यानें असें समजावें कीं, मार्गशीर्ष-पौषांत सूर्य उगवून दोन घटका झाल्यावर ज्या बाजूस दिसतो तीच ही दिशा. फक्त नजर बरीच वर न्यावयाची. गाडीजवळ उभें राहून कंपास पाहूं नये. लोखंडी सांगाड्यामुळें कांटा चुकतो, आणि आमचा पहिला संबंध दिवस त्यांतच गेला. दहा-बारा पावलें दूर जाऊन दिशा धरावी, त्या रेषेवरचें एखादें झाड किंवा विजेचा खांब लक्षांत ठेवावा व मग गाडीकडे यावें.

उभ्या गाडींत सर्व ठीक चाले. गाडी हलली कीं अडचणींस आरंभ होई. नाशिकहून मुंबईकडे जातांना गाडीचें तोंड नैर्ऋत्येस असतें. म्हणजे उपग्रह डाव्या हातास, थोडा मागच्या अंगास राहतो. येतांना तोच उजवीकडे, चालकाच्या बाजूस येतो. एका बाजूस वळविलेली अँटेना परतीच्या वाटेवर निरुपयोगी ठरे. टपावर आडवी, तोंड सरळ माथ्याकडे करून ठेविली तर दोन्ही वाटांनीं थोडें थोडें मिळे, पण पूर्ण कोठेंच नाहीं. शिवाय टपाच्या मागें क्रेटची थप्पी टपाहून तीन फूट वर गेलेली. जातांना उपग्रह नेमका तिच्या आडोशास जाई. शेवटीं अँटेना टपाच्या पुढील डाव्या कोपऱ्यांत, लहान पत्र्याच्या बैठकीवर बसविली आणि तारेसाठीं टपास छिद्र पाडलें. तारेभोंवतीं रबराची चकती बसविली, म्हणजे पत्र्याची कड तारेस कापीत नाहीं. एवढें झाल्यावर मोकळ्या माळावर गाणें अखंड चाले. वडाच्या झाडांखालीं, उंच ट्रकच्या शेजारीं व घाटांतील कड्याच्या सावलींत मात्र तें एकदम तुटे. साध्या रेडिओप्रमाणें खरखरत मंद होत जाणें हा प्रकार तेथें नाहीं. एक तर पूर्ण आवाज, नाहीं तर पूर्ण शांतता. एक गुण मात्र सांगितला पाहिजे. जोराच्या पावसांत घरावरची टीव्हीची डिश बंद पडते, तसें त्या संचाचें होत नसे. त्याच्या लहरी ढगांस जुमानीत नसत.

विजेच्या जोडणीसंबंधीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण हा भाग आजही गाडींत कोणतेंही यंत्र बसवितांना उपयोगी आहे. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची असते. इंजिन चालूं असतां दाब १४ च्या आसपास जातो. घरगुती संचास बहुधा त्याहून कमी दाब लागतो, म्हणून मध्यें दाब उतरविणारें साधन पाहिजे. आम्हीं तें बसविलें. पण फ्यूज संचाजवळ बसविला, ही घोडचूक केली. फ्यूज संचाचें नव्हे तर तारेचें रक्षण करतो. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. आमची तार इंजिनाच्या आड पत्र्याच्या कडेवर घांसत राहिली, आठ-दहा खेपांनंतर तिचें वेष्टण फाटलें, आणि घोटीजवळ गाडींत जळका वास भरला. चिरंजीवांनीं हातांतील पान्यानें बॅटरीची तार सोडविली म्हणून निभावलें. तेव्हांपासून आमचा नियम असा: बॅटरीजवळ दोन अँपिअरचा फ्यूज, तार पत्र्यांतून जाते तेथें रबराची चकती, आणि ऋण टोंक सांगाड्यावर जोडावयाचें तर आधीं रंग खरवडून लख्ख धातूवर. विजेची तार चावीबरोबर बंद होणाऱ्या वाटेवरून घ्यावी. नाहीं तर बाजारांत तीन तास गाणें ऐकून गाडी ढकलण्याची पाळी येते.

द्राक्ष-बागाईतदारांस एक जास्त सूचना. ज्या गाडींतून गंधकाची भुकटी वाहिली जाते तींत तांब्याचे उघडे जोड काळे पडतात व संपर्क तुटतो. आमच्या संचाचा पहिला बिघाड हाच होता, आणि दुकानदारानें मात्र दोष उपग्रहास दिला! जोडांवर आवरण असावें, व गंधक मागील हौद्यांत बंद पोत्यांतच ठेवावें.

हा संच ऐटींत बसावा म्हणून आम्हीं समोरच्या फळींतील जुना साधा रेडिओ काढून टाकला होता. त्या वेळीं ती अडगळच वाटली. १० नोव्हेंबर २००९ च्या रात्रीं आम्ही टोमॅटो घेऊन वाशीस निघालों. 'गंधर्व'वर यमन चालला होता आणि चित्त प्रसन्न होतें. अरबी समुद्रांत फयान वादळ उठत होतें याची आम्हांस वार्ताही नव्हती. तें ११ तारखेस कोंकणच्या किनाऱ्यास लागलें, आणि पाऊस घाट ओलांडून देशावर आला. आमची अडीच एकरांची बाग ऐन फुलोऱ्यांत होती. फुलोऱ्यांत पाणी म्हणजे घडकुज आणि केवडा, ज्यास आपण डावणी म्हणतों, यांस निमंत्रणच. पावसापूर्वीं प्रतिबंधक फवारणी पडली तरच कांहीं वांचतें. परत आलों तों शेजारच्या मळ्यांतील गृहस्थ बांधावर उभे होते. त्यांनीं आदल्या सायंकाळीं आकाशवाणीच्या बातम्यांत पावसाचा इशारा ऐकून मध्यरात्रीपर्यंत ट्रॅक्टरनें फवारणी उरकली होती. आम्हांस म्हणाले, "नाना, बातम्यांत सांगितलें कीं सारें! तुमच्या गाडींत तर आभाळांतला रेडिओ आहे ना?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या हंगामांत आमचे निम्म्याहून अधिक घड गेले, त्यांच्या बागेंत नुकसान झालें तें पुष्कळ कमी.

यांत दोष उपग्रहाचा नव्हे. त्या सेवेनें निफाड तालुक्याच्या हवेचें वर्तमान देण्याचें वचन कधींच दिलें नव्हतें. तीस देशांवर एकाच वेळीं पडणाऱ्या आवाजानें तें द्यावें तरी कसें? दोष आमचा, कीं दूरचा गोड आवाज घरांत घेण्यासाठीं जवळचा उपयोगी आवाज आम्हीं हातानें उपटून फेकला.

आतां अमेरिकेचा प्रश्न. तेथें एक्सएमची सेवा २००१ व सीरियसची २००२ सालीं सुरू होऊन २००८ मध्यें दोन्ही कंपन्या एक झाल्या. ती सेवा मुळांतच मोटारीसाठीं योजलेली आहे. टपावर चुंबकानें चिकटणारी सुपारीएवढी अँटेना पुरते, कारण शहरोशहरीं उंच इमारतींच्या सावलींत तोच कार्यक्रम पुन्हां प्रसृत करणारे मनोरे जमिनीवर उभे आहेत. आपल्याकडे वर्ल्डस्पेससाठीं असे मनोरे उभे राहिले नाहींत. आणि त्यांच्या उपग्रहांचा झोत उत्तर अमेरिकेवर पडतो, नाशिकवर नव्हे. पुतण्यानें प्रेमानें संच आणला तरी येथें तो मुकाच राहील. त्याच्याकडून दुसरें कांहीं मागवावें.

मग आज उपग्रहाचा रेडिओ आपणांस मिळतच नाहीं काय? घरीं मिळतो, आणि पुष्कळांस ठाऊकही नसतें. आग्नेयेकडे तोंड केलेली डीडी फ्री डिशची थाळी ज्यांच्या घरावर आहे, त्यांस टीव्हीबरोबर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्याही विनामूल्य ऐकतां येतात. परंतु ती थाळी अंशभर हलली तरी चित्र जातें. चालत्या गाडीचें नांवच नको. समुद्रावरील कोळी बांधवांसाठीं मात्र २०१९ च्या ऑक्टोबरांत 'जेमिनी' नांवाचें लहान उपकरण निघालें आहे. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांपुढें मोबाईल चालत नाहीं. तेथें 'गगन' या आपल्या देशाच्या उपग्रह-योजनेवरून वादळाचा इशारा, लाटांचें मान व मासळीचीं ठिकाणें या उपकरणावर उतरतात आणि त्यांतून ब्लूटूथनें मोबाईलवर वाचतां येतात. तोच 'गगन'चा संकेत आपल्या शिवारावरही पडतो. गारपिटीचा इशारा अशाच मार्गानें शेतकऱ्यास मिळावा, ही मागणी आमच्या संघानें लावून धरावी असें आम्हांस वाटतें. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपीट ज्यांनीं पाहिली, त्यांस याचें कारण सांगणें नको.

कोणी म्हणेल, आतां मोबाईलवर २०१९ पासून 'मेघदूत' आहे, विजेचा इशारा देणारी 'दामिनी' आहे; रेडिओ कशास? दोन्ही चांगलीं आहेत व प्रत्येकानें घ्यावींत. पण गाडी हांकणाऱ्यानें मोबाईल वाचूं नये, आणि घाटांत त्यास रेंजही नसते. कान मात्र मोकळा असतो.

आम्हीं आतां समोरच्या फळींत पुन्हां साधा रेडिओ बसविला आहे. नाशिक आकाशवाणी एफ. एम. वर १०१.४ येथें लागते व इगतपुरीकडे जातां जातां मंद होते. घाटाखालीं मुंबईच्या वाहिन्या हातीं येतात. मधल्या टप्प्यासाठीं मध्यम लहरींची सोय असलेला संच घ्यावा; परंतु त्या लहरींवरील केंद्रें अलीकडे कमी होत आहेत, म्हणून विकत घेण्यापूर्वीं दुकानाबाहेर उभें राहून काय लागतें तें ऐकून पाहावें. उपग्रह-संचासाठीं ओढलेली तार, बॅटरीजवळचा फ्यूज आणि ध्वनिपेटी यांवरच नवा रेडिओ चालतो, त्यामुळें नवा खर्च फारसा आला नाहीं. टपावरील छिद्र पत्र्याचा तुकडा व डांबर लावून बुजविलें आहे. तें पहिल्या वळवांत गळतें कीं कसें, हें अद्याप पाहावयाचें आहे.