राजीनाम्यानंतरचा पगार

नोकरी मिळवावी कशी यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. ती सोडावी कशी, यावर सहसा कोणी बोलत नाही. पदवी हाती पडली की आपल्यापैकी बरेच जण याच शहरात, माधापूर-गच्चीबावलीकडे नाही तर जीडिमेटल्याला, कुठेतरी चिकटतात आणि वर्षा-दोन वर्षांत जागा बदलतात. त्या वेळी एक वाक्य हमखास कानी पडते : "तुमचा फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होईल." हे ४५ दिवस आले कुठून? कायद्यातून नव्हे, एवढे निश्चित.

मालकाने नोकराला काढले तर दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी त्याचे वेतन चुकते करावे, असे १९३६ च्या कायद्याने सांगितले होते. पण आपण होऊन राजीनामा देणाऱ्याचा त्या कलमात उल्लेख नव्हता. शिवाय तो कायदा ठराविक पगारापर्यंतच लागू होता. २०१७ पासून ही मर्यादा दरमहा २४,००० रुपये होती. संसदेने २०१९ साली संमत केलेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि या दोन्ही उणिवा गेल्या. आता काढलेला असो, आस्थापना बंद पडल्याने बेकार झालेला असो की राजीनामा दिलेला, त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. वेगळी मुदत ठरवण्याची मुभा संहितेत आहे, पण ती सरकारला, मालकाला नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशेब निराळा. तिला ३० दिवसांची मुदत असते. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि नोकरी ६ वर्षांची असेल, तर २६ ने भागून १५ ने गुणायचे व पुन्हा ६ ने गुणायचे : ९०,००० रुपये. एरवी ५ वर्षे भरावी लागतात. मुदतबंद नेमणुकीवर असलेल्याला नव्या संहितेनुसार एक वर्ष पुरते. आमच्या प्राध्यापकवर्गाला हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. शिक्षक या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले. मग २००९ मध्ये संसदेने व्याख्याच बदलली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून लागू करून. खाजगी शाळांनी त्याविरुद्ध केलेला दावा २०२२ मध्ये फेटाळला गेला.

आता कपातीविषयी. गैरहजेरी, उचल, ताब्यात दिलेल्या मालाचे नुकसान अशी कारणे कायद्यात नमूद आहेत, आणि एका वेतनकाळात एकूण कपात निम्म्यावर जाता कामा नये. नुकसानीबद्दल कापायचे तर आधी नोकराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. "साहेब नाराज आहेत" हे कारण त्या यादीत नाही.

बाँडचे प्रकरण मात्र जपून हाताळावे. विजया बँकेतील एका अधिकाऱ्याने तीन वर्षे पुरी होण्याआधी २००९ मध्ये राजीनामा दिला आणि करारातील २ लाख रुपये निषेध नोंदवून भरले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सरकारी बँकेला नवी भरती जाहिरात देऊन, रीतसर निवड करूनच करावी लागते आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने रक्कम अवाजवी नाही, असे न्यायालयाने पाहिले. हा निकाल दाखवून एखादी खाजगी कंपनी नवशिक्याकडून वाटेल तो आकडा मागू लागली, तर ही दोन्ही कारणे तिथे लागू पडतात का, हे तपासावे. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, हे सांगायला नकोच.

पैसे अडलेच, तर तेलंगणच्या कामगार आयुक्तांचे कार्यालय आरटीसी क्रॉस रोड्सवरील टी. अंजय्या भवनात आहे. (मुख्यमंत्री होण्यापूर्वी हे अंजय्या इथल्याच ऑल्विन कारखान्यात कामगार होते.) दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. तरी नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या व राजीनाम्याची तारीखवार पोच घरी ठेवावी. कार्यालयातील संगणक शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतो.