प्लास्टिकच्या विटांतून उभे राहणारे पोकलेन

खोदकामाच्या जागी चेनवर चालणारे जे यंत्र महाराष्ट्रात एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून सरसकट पोकलेन म्हणून ओळखले जाते, त्याच्या सगळ्या हालचालींच्या मुळाशी दाबाखालचे तेल असते. डिझेल इंजिन पंप फिरवते, पंप तेलाला वातावरणाच्या दाबाच्या साधारण साडेतीनशे पट दाब देतो, आणि हे तेल जाड नळ्यांतून बूम, आर्म व बकेट यांच्या सिलिंडरांपर्यंत, तसेच चेन फिरवणाऱ्या आणि वरचा भाग गोल वळवणाऱ्या मोटारींपर्यंत पोहोचते. हेच यंत्र खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांतून चालते-फिरते उभारायचे ठरवले, की पहिल्याच पायरीला तेल बाद होते. हाताशी उरतात त्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटारी, आस, दंतचक्रे म्हणजे गियर, आणि पिना. म्हणून अशा प्रतिकृतीत आकार लहान करणे हा सोपा भाग ठरतो; कठीण भाग असतो तो तेलाने सोडवलेला प्रश्न दातांनी नव्याने सोडवण्याचा, आणि अनेक देशांत प्रौढ माणसे, त्यांत व्यवसायाने अभियंते असलेलीही, या कामात वर्षानुवर्षे रमतात ती त्यामुळेच.

या बांधणीची परंपरा विटांपेक्षा जुनी आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये छिद्रांच्या धातूच्या पट्ट्या, आस आणि नट-बोल्ट यांच्या संचाचे पेटंट घेतले आणि पुढे मेकॅनो या नावाने तो संच जगभर गेला. भारतातल्या अनेक घरांत मुलांच्या हाती आलेला मेकॅनिक्स हा संच त्याच कुळातला. खेळण्याच्या सुट्या भागांतून गंभीर यंत्र उभे राहू शकते, याचा पुरावाही मेकॅनोनेच दिला, कारण १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी अवकल समीकरणे सोडवणारे यांत्रिक गणकयंत्र मेकॅनोचे भाग वापरून तयार केले. डेन्मार्कमधील बिलुंडच्या लेगो कंपनीने एकमेकींत घट्ट बसणाऱ्या विटेचे पेटंट १९५८ मध्ये नोंदवले. फिरत्या यंत्रणांसाठी खास आखलेली, पुढे टेक्निक या नावाने रुळलेली तिची मालिका मात्र १९७७ मध्ये आली. विटेच्या कुशीत आरपार गोल छिद्र, त्यातून मोकळा फिरणारा, अधिक चिन्हासारखा छेद असलेला आस, आणि त्या आसाबरोबरच फिरावे अशा छिद्राचा गियर, एवढ्यावर पुढचे सगळे शास्त्र उभे आहे.

या शास्त्राचे मूळ माप ८ मिलिमीटर आहे. शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांत तेवढे अंतर असते, आणि गियर असे घडवलेले असतात की गियरला जितके दात, तितक्या मिलिमीटरचा त्याच्या कार्यकारी वर्तुळाचा, म्हणजे दात जिथे एकमेकांना ढकलतात त्या वर्तुळाचा, व्यास असतो. परिणामी ८ दातांचा गियर २४ दातांच्या गियरशी जुळवला तर त्यांच्या केंद्रांतले अंतर दोन्ही व्यासांच्या बेरजेच्या निम्मे, म्हणजे १६ मिलिमीटर येते, आणि ते बरोबर दोन छिद्रांचे अंतर असते. ८ आणि ४० दातांची जोडी तीन छिद्रांवर बसते. १६ आणि २४ दातांची जोडी मात्र २० मिलिमीटर मागते, म्हणजे अडीच छिद्रे, आणि तिथे बांधणाऱ्याला वेगळी युक्ती शोधावी लागते. उभ्या दिशेला आणखी एक अडचण होती. जुन्या, वर गोल बुट्टे असलेल्या विटेची उंची ९.६ मिलिमीटर असल्याने एकावर एक रचलेल्या विटांतली छिद्रे ८ च्या मापात येत नसत. मग दोन विटांच्या मध्ये प्रत्येकी ३.२ मिलिमीटरच्या दोन चपट्या पट्ट्या घालायच्या, की ९.६ आणि ६.४ मिळून १६ होतात आणि गियर पुन्हा जुळतात. पुढे बुट्टे नसलेल्या, सर्व बाजूंनी ८ च्या मापात चालणाऱ्या पट्ट्या आल्या आणि ही कसरत संपली, तरी प्लास्टिकच्या तीन ठरावीक जाड्यांत दडलेली ही अंकगणिताची जुळणी आजही थक्क करणारी आहे.

लेगोच्या मध्यम आकाराच्या मोटारीने भार नसताना मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतले, असे धरू. पोकलेनची चेन या वेगाने फिरवता येत नाही, आणि फिरवली तरी मोटारीत यंत्र ओढण्याएवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, नसतो. ८ दातांच्या गियरने २४ दातांचा फिरवला की वेग तिसरा हिस्सा होतो आणि टॉर्क तिप्पट. त्यापुढे ८ दातांच्या गियरने ४० दातांचा फिरवला की आणखी पाचपट. दोन्ही टप्पे मिळून वेग पंधराव्या हिश्श्यावर, म्हणजे मिनिटाला सत्तावीस फेऱ्यांच्या आसपास येतो, आणि घर्षणात जाईल ते सोडून टॉर्क पंधरा पट होतो. इथपर्यंतचे गणित शाळकरी आहे. खरा निर्णय पुढे असतो, तो म्हणजे वेग कुठे कमी करायचा. मोटारीपाशीच कमी केला, तर तिथून चेनपर्यंत जाणाऱ्या लांब आसाला पंधरा पट टॉर्क वाहून न्यावा लागतो. प्लास्टिकचा आस त्या भाराखाली पिळला जातो, पीळ साठतो आणि एकदम सुटतो, आणि यंत्र अडखळत चालते. तोच वेग अगदी शेवटी, स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, शेजारी कमी केला, तर लांबचा आस वेगाने पण हलक्या हाताने फिरतो आणि सगळा जोर एका छोट्या, चारी बाजूंनी जखडलेल्या गियरपेटीत राहतो. खऱ्या पोकलेनमध्येही चेनच्या मोटारीला लागूनच, स्प्रॉकेटपाशी, वेग उतरवणारी गियरपेटी बसवलेली असते. तिथे आणि इथे प्रश्न एकच असल्याने उत्तरही एकच निघते.

वरचा भाग खालच्या भागावर गोल फिरतो त्या सांध्यात वेग शेवटी उतरवण्याच्या या नियमाचे दुसरे फळ मिळते. खऱ्या यंत्रात इंजिन आणि पंप वर, चेन खाली, आणि मधला सांधा कितीही फेरे घेऊ शकतो. नळ्या सरळ खाली सोडल्या तर दोन फेऱ्यांत त्यांना पीळ पडेल, म्हणून मध्यभागी फिरता तेलसांधा बसवतात, ज्यात एकात एक बसलेल्या दोन दंडगोलांमधल्या गोल खाचांतून तेल वरून खाली जाते आणि दोन्ही दंडगोल एकमेकांत मोकळे फिरतात. प्रतिकृतीत तेल नाही, म्हणून टर्नटेबलच्या, म्हणजे फिरत्या सांध्यासाठी बनवलेल्या मोठ्या दातेरी चकतीच्या, मधल्या भोकातून उभा आस खाली नेतात. पण मोटार बंद असताना हा आस वरच्या भागाशी जखडलेला असतो, त्यामुळे वरचा भाग एक फेरा फिरला की खालच्या भागाच्या दृष्टीने आसही एक फेरा फिरतो, आणि उभे असलेले यंत्र आपोआप थोडे सरकते. वेग कमी करणारे गियर सांध्याच्या खाली असतील, तर पंधरा पट उतरवणीत स्प्रॉकेट फेऱ्याचा फक्त पंधरावा भाग हलते, आणि वर्म गियर वापरला तर त्याहूनही कमी. वर्म गियर म्हणजे आसावर बसणारे स्क्रूच्या आट्यांचे चक्र. त्याच्या एका फेऱ्याला समोरचा गियर केवळ एक दात पुढे जातो, म्हणून २४ दातांच्या गियरबरोबर २४ पट उतरवणी एकाच टप्प्यात मिळते. शिवाय वर्म समोरच्या गियरला फिरवू शकतो, पण तो गियर वर्मला फिरवू शकत नाही, आणि उचललेला भार वीज बंद केल्यावरही तिथेच थांबतो. याची किंमत घर्षणात मोजावी लागते, आणि ती बरीच असते.

बूम उचलण्यासाठी लेगोने १९८४ मध्ये हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर, नळ्या आणि झडपा आणल्या. दिसायला आणि तत्त्वाने ही रचना खऱ्या यंत्राला सर्वांत जवळची आहे, पण हवा दाबली जाते आणि तेल जवळपास दाबले जात नाही, म्हणून हवेवरचा आर्म अर्ध्यावर नेमका थांबवणे अवघड जाते. तो रेंगाळतो आणि मग उडी घेतो. २००८ मध्ये आलेल्या लिनियर अ‍ॅक्च्युएटरने, म्हणजे आतल्या स्क्रूच्या फिरण्याने लांब होणाऱ्या दांड्याने, हा दोष घालवला. स्क्रू असल्याने तो भार धरून ठेवतो, आणि दांडा टोकाला पोहोचला की आतला क्लच घसरू लागतो, त्यामुळे मोटार अडून जळत नाही. हाच विचार २४ दातांच्या पांढऱ्या क्लच गियरमध्ये आहे, ज्याच्या अंगावर तो किती टॉर्कला घसरतो ते, २.५ ते ५ न्यूटन सेंटिमीटर, छापलेलेच असते. खेळण्यातल्या एका भागावर अभियांत्रिकीचे एकक छापून मुलाच्या हाती देणे ही छोटी बाब नव्हे.

प्लास्टिकवर हे सगळे तगते कसे, याचे उत्तर मापाच्या नियमात आहे. २० टनांचे पोकलेन सर्व बाजूंनी विसाव्या हिश्श्याला आणले, तर आकारमान आठ हजाराव्या हिश्श्यावर येते आणि त्याच घनतेचे वजन अडीच किलो भरते, परंतु भार पेलणाऱ्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ चारशेव्या हिश्श्यावर उतरते. वजनाच्या मानाने बळ वीस पट उरते, आणि जे काम पोलादाशिवाय होत नाही ते प्लास्टिकला झेपते. घर्षण मात्र या सवलतीत सहभागी होत नाही, आणि म्हणून लहान यंत्राच्या मोटारीची बरीच ताकद स्वतःचेच गियर फिरवण्यात खर्ची पडते. वजन कुठे बसते याचीही काळजी घ्यावी लागते. २००७ मध्ये आलेल्या पॉवर फंक्शन्स या मालिकेतली बॅटरीपेटी सहा पेन्सिल सेल सांभाळते, आणि जाणते बांधणारे ती मुद्दाम वरच्या भागाच्या शेपटाशी, खऱ्या यंत्रातल्या काउंटरवेटच्या जागी ठेवतात. बूम पूर्ण लांब झाली की तोल तीच सावरते.

कंपनीचे स्वतःचे संचही या वाटेने मोठे होत गेले. २०१९ मधल्या लीबहेर आर ९८०० या खाणयंत्राच्या संचात ४१०८ भाग, सात मोटारी आणि मोबाइलवरून आदेश घेणाऱ्या दोन नियंत्रणपेट्या आहेत. एक पेटी खालच्या सांगाड्यात आणि एक वर असल्याने फिरत्या सांध्यातून आस किंवा तार नेण्याची गरजच उरत नाही. प्रत्येक हालचालीला स्वतंत्र मोटार दिली की यांत्रिकीचे अनेक कठीण प्रश्न विजेच्या बळावर नाहीसे होतात, हे खरे. तरी शिकण्याच्या दृष्टीने दोन मोटारी आणि एक बदलगियरपेटी, म्हणजे मोटारीची ताकद एका हालचालीकडून दुसरीकडे वळवणारी पेटी, यांवर सहा हालचाली चालवणारी प्रतिकृती अधिक मोलाची आहे, कारण तिच्यात ताकद कोणत्या वाटेने जाते ते झाकण काढून बोटाने दाखवता येते. पोलंडचे पावेल क्म्येच यांनी २०१२ मध्ये टेक्निकच्या बांधणीवर लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक या क्षेत्रात मोलाचे मानले जाते, ते अशाच यंत्रणांच्या उलगड्यामुळे.

भारतात या छंदाची मोठी अडचण किमतीची आहे. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यामुळे विटा हातात घेण्याआधी संगणकावर बांधणी करण्याची सोय इथल्या विद्यार्थ्यांना विशेष उपयोगाची ठरते. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी सुरू केलेली एलड्रॉ ही प्रणाली आणि नंतरचे स्टुडिओ हे सॉफ्टवेअर, दोन्ही विनामूल्य आहेत. गियर जुळतात की नाही ते पडद्यावर कळते. आस किती पिळेल आणि घर्षण किती खाईल ते कळत नाही, म्हणून पूर्ण यंत्राआधी नुसता हात किंवा नुसती चेन खऱ्या भागांतून बांधून भाराखाली चालवून पाहावी लागते.

बदलगियरपेटीच्या प्रतिकृतीला अजून न जमलेले एक काम आहे. कसलेला चालक जमीन सपाट करताना बूम, आर्म आणि बकेट एकाच वेळी, प्रत्येक वेगवेगळ्या वेगाने हलवतो, तेव्हा कुठे बकेटचे दात सरळ रेषेत मागे येतात. तीन सांधे वर्तुळाकार फिरत असताना टोकाने रेषा आखायची असते, आणि तेलाच्या यंत्रात झडप थोडी कमी-जास्त उघडून हे साधते. एका मोटारीवर आळीपाळीने चालणाऱ्या हातात हा मेळ बसत नाही. स्वतंत्र मोटारींच्या हातात तो बसू शकतो, पण तिथेही तिन्ही अ‍ॅक्च्युएटरांचे स्क्रू आपापल्या ठरावीक चालीनेच लांब होतात, त्यामुळे प्रत्येक मोटारीचा वेग क्षणोक्षणी निराळा ठेवावा लागतो, आणि सध्या या बांधणीतले सर्वांत बारकाईचे काम याच ठिकाणी आहे.