कातळावरचा काटकसरी कारभार

एप्रिल-मे महिन्यांत राजापूर, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या बाजूचा सडा पाहिला, तर इथं कुणी राहत असेल यावर विश्वास बसत नाही. काळपट तपकिरी कातळ, फटींतून डोकावणारं वाळकं गवत, लांबवर एखादं खुरटं झुडूप. अनवाणी पाऊल टेकवत नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद ‘पोटखराबा’ म्हणून होते आणि सरकारी नकाशांत ती ‘ओसाड खडकाळ’ या रकान्यात जाऊन बसते. सप्टेंबरात हाच सडा पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या फुलांनी इतका भरतो की पाय कुठं ठेवावा हा प्रश्न पडतो. फुलं बघायला गाड्या भरभरून माणसं येतात, फोटो काढतात आणि जातात. ज्या उजाडपणाकडे पाठ फिरवून ती जातात, त्या उजाडपणामुळंच ही फुलं इथं आहेत, हे मात्र कुणाच्या फारसं ध्यानात येत नाही.

हा कातळ म्हणजे जांभा. सह्याद्रीचा मूळ दगड बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. उष्ण, दमट हवेत तो लाखो वर्षं झिजत राहिला. पावसानं त्यातलं सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धुऊन नेलं आणि मागं उरले मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. जांभ्याचा गंजका रंग त्या लोहाचा. ताजा खणलेला जांभा त्या मानानं मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. म्हणून तर चिरेखाणीत चिरा कापता येतो आणि त्याच चिऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन यानं केरळातल्या अंगाडिपुरम इथल्या दगडावरून शास्त्रात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. कोकणातला गवंडी त्याला त्याआधीपासूनच चांगला ओळखून होता.

महाराष्ट्रात जांभ्याची पठारं दोन ठिकाणी दिसतात. एक, किनाऱ्यालगतचे कमी उंचीचे सडे; दुसरी, घाटमाथ्यावरची, साधारण हजार मीटर किंवा त्याहून जास्त उंचीची पठारं. साताऱ्याजवळचं कास, चाळकेवाडी, पाचगणीचं टेबललँड, पन्हाळ्याकडचं मसाई ही दुसऱ्या प्रकारातली नावाजलेली नावं. कास तर २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे.

दोन्हीकडची अडचण सारखीच. आंबोलीत वर्षाकाठी सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. चार महिने मुळं पाण्यात आणि उरलेले आठ महिने कोरडे ठणठणीत. माती असली तर बोटभर, बहुतेक ठिकाणी तेवढीही नाही. जी आहे ती आम्लधर्मी. तिच्यातलं नायट्रोजन पावसाबरोबर वाहून जातं आणि फॉस्फरसला लोह घट्ट धरून ठेवतं. त्यात वाऱ्याला अडवायला काही नाही आणि सावलीला झाड नाही. अशा ठिकाणी मोठ्या वृक्षाचा निभाव लागत नाही. ज्यांचा लागतो त्यांच्या तऱ्हा मात्र बघण्यासारख्या आहेत.

पाऊस सुरू झाला की कातळातल्या खळग्यांत पाणी साचतं. काही डबकी परातीएवढी, काही अंगणाएवढी. पण सगळी तात्पुरती. त्यात आठवड्याभरात काचेसारखे पारदर्शक, उताणे पोहणारे इवले जीव दिसू लागतात. हे फेअरी श्रिम्प, कोळंबीचे दूरचे नातलग. ते कुठून येत नाहीत, तिथंच असतात. मागच्या पावसात घातलेली त्यांची अंडी तळाच्या गाळात आठ महिने भाजून निघालेली असतात आणि पाणी लागताच फुटतात. पण सगळी एकदम नाही. पहिल्या सरीनंतर पावसानं दडी मारली तर डबकं आटणार आणि पिढी जाणार, म्हणून काही अंडी दुसऱ्या, तिसऱ्या खेपेसाठी, कधी पुढच्या वर्षांसाठीही राखलेली असतात. बारमाही तळ्यात हे प्राणी टिकत नाहीत, कारण तिथं मासे असतात. आटणारं डबकं हेच त्यांचं संरक्षण.

आंबोलीचा एक छोटा टोड हाच जुगार खेळतो. झँथोफ्रीन टायगेरिना हे त्याचं शास्त्रीय नाव. कुशीवर पिवळसर पट्टे, म्हणून टायगेरिना. २००९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. एरवी दगडाखाली दडून असणारे हे टोड पावसाच्या सुरुवातीच्या सरींबरोबर कातळावर गोळा होतात आणि नखभर खोलीच्या पाण्यात अंडी घालतात. पाणी उथळ, म्हणून उन्हानं लवकर तापतं आणि पिल्लांची वाढ झपाट्यानं होते. मध्येच चार दिवस उघडीप पडली तर सगळं संपतं. जगात या टोडचा पत्ता आंबोली आणि तिच्या आसपासचा एवढाच असल्यानं तो अतिसंकटग्रस्त गणला गेला आहे.

त्याच डबक्यांत गवताच्या ठोंबासारखं काही उगवलेलं असतं. ते गवत नव्हे, आयसोएटिस. नेच्यांच्याही आधीच्या घराण्यातली वनस्पती. पाचगणीच्या टेबललँडवरून तिची एक जात शास्त्राला माहीत झाली आणि तिच्या नावात पाचगणी कायमची बसली. उथळ डबक्यात दिवसा सगळ्याच पाणवनस्पती कार्बन डायऑक्साइड ओढत असतात, त्यामुळं दुपारपर्यंत त्याचा तुटवडा पडतो. आयसोएटिस तो रात्री शोषून आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात वापरते. वाळवंटातल्या निवडुंगाची ही युक्ती. निवडुंग ती पाणी वाचवण्यासाठी वापरतो, ही पाण्यात बुडलेली असताना वापरते.

ऑगस्ट सरता सरता ओलसर कातळावर निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे पसरतात. कासला येणारे ज्यांच्यापुढे सर्वांत जास्त रेंगाळतात, ती ही सीतेची आसवं. नाव करुण असलं तरी वनस्पती शिकारी आहे. युट्रिक्युलारिया ही तिची प्रजाती. तिला मूळच नसतं. ओल्या गाळात पसरलेल्या धाग्यांवर मोहरीहून लहान फुगे असतात. प्रत्येक फुगा आतलं पाणी भिंतींतून बाहेर टाकत राहतो, त्यामुळं आतला दाब कमी होतो आणि भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी झडप आणि झडपेपाशी केस. एखाद्या सूक्ष्म जीवाचा केसांना धक्का लागला की झडप आत उघडते, पाण्याबरोबर जीव खेचला जातो, झडप बंद. हे सगळं सेकंदाच्या अवघ्या काही हजारांश भागांत घडतं. मग पाचक रस काम सुरू करतात आणि साधारण अर्ध्या तासात फुगा पुन्हा सज्ज होतो. कीटकभक्षी वनस्पतींवर १८७५ साली आख्खं पुस्तक लिहिणाऱ्या चार्ल्स डार्विनलाही हा खेळ उमगला नव्हता. भक्ष्य स्वतःच डोकं घुसवून आत शिरतं, असं त्याला वाटलं होतं.

शेजारीच दवबिंदू उभा असतो, म्हणजे ड्रॉसेरा. लालसर पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. माशी बसली की अडकते, केस तिच्यावर झुकतात आणि दोन-चार दिवसांत तिच्यातलं नायट्रोजन झाडाच्या अंगी लागतं.

मग सगळ्याच झाडांनी हा मार्ग का धरला नाही? कारण तो महागडा आहे. सापळा बनवायला ताकद खर्च होते आणि सापळा झालेलं पान अन्न तयार करण्यात कच्चं राहतं. ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि जमीन मात्र कंगाल, या तिन्ही गोष्टी जिथं एकत्र येतात तिथंच हा व्यवहार परवडतो. पावसाळ्यातला सडा नेमका तसा. याच जागी कुणी खत टाकलं, गाळमाती आणून ओतली, तर शिकारी झाडांचं पोषण सुधारणार नाही. साधं गवत वाढून त्यांना दाबून टाकेल.

चार महिन्यांत संसार उरकायचा तर काहींनी बिऱ्हाड जमिनीखाली हलवलं आहे. डबक्यात उगवणारा वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, कंदाच्या रूपात उन्हाळा काढतो. पाणी साचलं की पानं वर येतात, मग दुभंगलेला फुलोरा. उत्तर पश्चिम घाटातल्या मोजक्या पठारांखेरीज तो जगात कुठंच नाही. कोकणच्या सड्यांवर दीपकाडी पावसाळ्याच्या तोंडाशीच पांढरी फुलं उघडते. कंदात साठा तयार असल्यानं तिला बियाण्यासारखं पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. गवतं आणि बुटकी झुडपं उंच व्हायच्या आत तिचं फुलणं उरकलेलं असतं.

ज्यांना कंद नाही, त्यांतले काही सरळ वाळून जातात आणि तरी मरत नाहीत. काही नेचे, सेलाजिनेला, ट्रायपोगॉन नावाचं गवत यांच्या पेशींतलं जवळजवळ सगळं पाणी निघून जातं. पानं मुडपतात, करपल्यासारखी दिसतात आणि पाणी मिळालं की काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत हिरवी होतात. इतर झाडांच्या पेशी एवढ्या कोरडेपणानं फाटल्या असत्या. यांच्यात विशिष्ट शर्करा आणि प्रथिनं पेशींचे पडदे सांभाळून धरतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ जातींची यादी केली. त्यांतल्या १६ फक्त भारतात सापडतात आणि १२ तर पश्चिम घाटातल्या कातळांपुरत्याच आहेत.

आणखी एका फुलाचा उल्लेख करायलाच हवा: कंदीलपुष्प. सेरोपेजिया प्रजातीतल्या या वनस्पतींची फुलं खरोखर आकाशकंदिलाच्या घाटाची असतात, आणि हा कंदील छोट्या माश्यांसाठी तुरुंग आहे. वासाला भुलून माशी नळीत उतरते. आतले केस खालच्या दिशेला झुकलेले, त्यामुळं तिला परत वर चढता येत नाही. परागाची पुडी तिच्या अंगाला चिकटली, केस कोमेजले, की सुटका. सुटलेली माशी बहुतेक वेळा पुढच्या कंदिलात शिरते. बिचारीला अनुभवानं शहाणपण येत नाही, यावरच या झाडाचा वंश चालतो.

पाऊस संपतो, गवत वाळतं, पर्यटक परततात. तेव्हा सड्याच्या दुसऱ्या पाळीतली मंडळी कामाला लागतात.

माळटिटवी मार्चनंतर उघड्या कातळावर अंडी घालते. घरटं म्हणावं तर चार खडे. अंड्यांचा रंग आणि ठिपके आजूबाजूच्या खड्यांशी असे मिळतात की चार पावलांवरूनही दिसू नयेत. इथं अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू न देणं अवघड. ऐन दुपारी पक्षी अंड्यांवर सावली धरून उभा राहतो आणि जवळ पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून आणतो.

चाळकेवाडीच्या पठारावर याच दिवसांत एक सरडा दगडावर चढून गळा फुगवतो. निळा, काळा आणि नारिंगी असा तो गळ्याखालचा पडदा दुरून चमकतो. २०१६ साली शास्त्रात नोंदल्या गेलेल्या या सरड्याचं नाव सरडा सुपर्बा. माद्यांना दिसायचं तर उघड्यावर, उंच दगडावर बसायला हवं. पण तिथं बसलेला सरडा शिक्रा, ससाणा यांनाही दिसतो. किती भडक व्हायचं, किती वेळ बसायचं, हे त्या दोन्हींतली तडजोड ठरवते.

या तडजोडीचा हिशेब अनपेक्षित वाटेनं मांडला गेला. चाळकेवाडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. संशोधक मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कितीतरी कमी होते, नसलेल्या भागात जवळपास चौपट. साहजिकच पवनचक्क्यांखाली सरड्यांची गर्दी झाली. त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कमी भरली आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. म्हणजे सुखी झाले? तसं दिसलं नाही. गर्दी वाढल्यानं स्पर्धा वाढली, अंगावरचं मांस घटलं आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. आकाशातली भीती हटली, तर जमिनीवरच्या सरड्याचा रंग बदलला. पवनचक्कीला विरोध करायचा म्हणून हे सांगायचं नाही. पण मोकळ्या पठारावर काही उभं केलं तर कुणाला त्रास होणार नाही, हे गृहीतक चुकीचं आहे एवढं यातून नक्की दिसतं.

किनाऱ्याच्या सड्यांवरची उलथापालथ याहून मोठी आहे. सुरुंग लावून कातळात खड्डे पाडायचे, बाहेरून ट्रकनं माती आणायची आणि हापूसची कलमं किंवा काजू लावायचा, ही पद्धत रत्नागिरी-सिंधुदुर्गात रुजली आहे. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पोटखराब्यातून उत्पन्न निघत असेल तर तो ते काढणारच. गोव्यात मोपाच्या सड्यावर विमानतळच झाला. बाग करताना सुटे दगड उचलून गडगे रचले जातात, आणि तेवढ्यानंही एका जीवाचं छप्पर जातं. पांढऱ्या पट्ट्यांची एक पाल, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, रत्नागिरी जिल्ह्यातून १९६३ साली नोंदली गेली. ती भिंतीवर चढणाऱ्यांपैकी नाही. सड्यावरच्या सुट्या दगडांखाली दिवस काढते आणि रात्री जमिनीवर हिंडते.

कासला गोष्ट उलट्या टोकानं गेली. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून कुंपण आलं आणि पर्यटकांबरोबर गुरंही बाहेर राहिली. आसपासच्या गावांची गुरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या चरत आली होती. चरणं थांबल्यावर उंच गवत आणि झुडपं वाढून बुटक्या फुलझाडांची जागा जाते, असं अभ्यासक आणि गावकरी दोघंही सांगू लागले. संरक्षण म्हणजे नुसतं कुलूप, असा समज करून घेतला की असं होतं.

डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारखे अभ्यासक अनेक वर्षं या पठारांच्या नोंदी करत आहेत, आणि त्यांतून उमगणारी गोष्ट व्यवहाराची आहे. सगळा सडा एकसारखा नसतो. पाणी साचणारे खळगे, झिरपत्या पाण्याचे ओले पट्टे, सुट्या दगडांची जागा आणि उघडा कातळ यांत वेगवेगळे जीव राहतात. बाग लावायच्या आधी एका पावसाळ्यात सड्यावर फिरून खळगे आणि ओले पट्टे कुठं आहेत ते बघितलं, तेवढे सोडून खड्डे घेतले आणि गडग्यासाठी दगड एकाच कोपऱ्यातून उचलले, तर कलमांची संख्या थोडीच घटेल. त्यासाठी आधी सातबाऱ्यावरच्या ‘पोटखराबा’ या नोंदीशेजारी तिथं राहणाऱ्यांची यादी असावी लागेल. गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांमध्ये ती लिहायची सोय २००२ च्या जैवविविधता कायद्यानं करून ठेवलेली आहेच.