फ्लॅटमधलं कासव हळूहळू आजारी का पडतं?

विरार-नालासोपाऱ्यात वन बीएचकेमध्ये कुत्रा आणायचा म्हटलं की सोसायटीपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांना विचारावं लागतं. कासवाला सहसा कुणाची हरकत नसते. ते भुंकत नाही, केस गाळत नाही आणि देवळाच्या सभामंडपात त्याला मान असल्यामुळे आजीही खूश. मग प्लॅस्टिकचा टब येतो, त्यात प्लॅस्टिकचंच ताडाचं झाड आणि दहाच्या नाण्याहून जरासं मोठं हिरवं पिल्लू.

आधी हे कासव कोणतं ते बघा. मराठीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या दोघांनाही आपण कासवच म्हणतो, पण त्यांच्या गरजा आणि कायदा वेगवेगळा आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव जमिनीवरचं. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ते घरात ठेवणं गुन्हा आणि शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद. तळ्यात-विहिरीत सापडणारं मऊ पाठीचं देशी कासवही त्याच यादीत येतं. यातलं काही घरात असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा.

दुकानात मिळतं ते बहुतेकदा रेड इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा, मूळ गाव अमेरिका. हे पाण्यातलं कासव असलं, तरी त्याला रोज कोरड्या जागेवर चढून ऊन खावंच लागतं.

खरी गोष्ट इथेच आहे. उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांना, कवचाला लागत नाही. खिडकीची काच हे किरण अडवते. त्यामुळे स्लायडिंग विंडोमागे ठेवलेल्या कासवाला उजेड मिळतो, ऊन मिळत नाही. कवच मऊ पडायला, पाय लुळे व्हायला कित्येक महिने जातात. तोवर ते खातं, पोहतं आणि घरच्यांना वाटतं, मजेत आहे.

सकाळी बाल्कनीत अर्धा तास थेट ऊन द्या, बाजूला सावलीही हवी. काचेची टाकी मात्र उन्हात ठेवू नका, आतलं पाणी तापून कासव मरू शकतं. आपल्याकडे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, म्हणून यूव्हीबी दिवा चैन नाही, गरज आहे. साधा एलईडी चालत नाही. दिव्यातले किरण उजेड जायच्या खूप आधी संपतात, त्यामुळे तो साधारण वर्षाच्या आत बदलावा लागतो. बसायच्या कोरड्या जागेवर ३० ते ३२ अंश आणि पाण्यात २४ ते २७ अंश तापमान ठेवा.

नुसत्या सुक्या कोळंबीवर कासव जगत नाही. चपाती, भात, ब्रेड तर नकोच. कासवांसाठीचं दाणेदार खाद्य, लेट्यूस, गाजराचा कीस, लाल भोपळा द्या. पालक टाळा, तो कॅल्शियम अडवतो. त्यापेक्षा म्हाकुळाच्या पाठीतलं पांढरं हाड, म्हणजे समुद्रफेन, धुऊन-भिजवून पाण्यात टाका. डोळे सुजणं, नाकातून बुडबुडे, एका बाजूला कलून पोहणं, कवचाला दुर्गंधी, यातलं काहीही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर हे करत नाही, आधी फोन करून विचारा.

कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा आणि त्याचा टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका. त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणासाठी अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

दुकानदार सहसा सांगत नाही ती गोष्ट वेगळीच. या पिल्लाची मादी २५ ते ३० सेंटिमीटर होते आणि नीट सांभाळली तर २०-३० वर्षं जगते. तिला काहीशे लिटरची टाकी, फिल्टर आणि वरचेवर पाणी बदलणं लागतं. जिथे इमारतीचं पाणीच टँकरवर चालतं, तिथे हा हिशोब विकत घेण्याआधीच मांडायला हवा.

नंतर जमलं नाही म्हणून अनेक जण रात्री गुपचूप कासव जवळच्या तलावात सोडून येतात. स्लायडर जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. वसईच्या बावखलांत ते रुळलं तर देशी कासवांच्या अन्नात आणि ऊन खायच्या जागेत वाटेकरी होईल. सांभाळणं शक्य नसेल तर दुकानदाराला परत घ्यायला सांगा किंवा प्राणीमित्र संस्थेला विचारा, पण पाण्यात सोडू नका.